दोन गुणी बदल

तिसऱ्या खेपेलाही जिवाणू वाढले नाहीत, तेव्हा धर्मराज सरांनी दोष अंकिताच्या हाताला दिला. नीता मॅडमनी मान डोलावली. याआधी दोघांचं एकमत झाल्याचं पनवेलच्या त्या कॉलेजात कुणालाच आठवत नव्हतं.

प्रकरण साधं होतं. करंज्याच्या बंदरातल्या चिखलातले जिवाणू अंकिताने वेगवेगळ्या चंबूंत वाढवले होते, अर्धपोटी ठेवून. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. एका चंबूत एक जनुक बदललं आणि जिवाणू फोफावले. दुसऱ्या चंबूत भलतंच जनुक बदललं, तेही फोफावले. मग तिने दोन्ही बदल एकाच जिवाणूत घातले. तो मूळ जिवाणूपेक्षाही मरगळलेला निघाला.

सरांनी तर वाढ दुप्पट होणार म्हणून संस्थेच्या सभेत आधीच टाळ्या घेतल्या होत्या. आता त्यांना आलेख वर जाणारा हवा होता. मॅडमना तो प्रयोगच प्रबंधातून काढून हवा होता. आणि दोघांच्या सह्यांनिशी प्रबंध आज संध्याकाळपर्यंत जमा झाला नाही, तर अंकिताची पीएचडी रद्द होणार होती.

मार्गदर्शक म्हणून दोघंही नावाजलेले. सरांचे जुने विद्यार्थी देशोदेशी होते, मॅडमचे त्याहून लांब. म्हणूनच संस्थेने मोठ्या कौतुकाने दोघांना मिळून एक विद्यार्थिनी दिली. तेव्हापासून सरांनी लिहायला सांगितलेलं मॅडम खोडत आणि मॅडमनी ठेवलेलं सर. सरांनी खिडकी उघडली की पळस्प्याकडच्या ट्रकांची धूळ येते म्हणून मॅडम ती लावून घेत.

“मी आकडा नाय बदलणार,” अंकिता म्हणाली. राग आला की तिचं कोळीवाड्यातलं घरचं बोलणं वर यायचं.

“हा मासळीचा लिलाव नाही,” सर म्हणाले.

“लिलावात माल बघून बोलतात, सर.”

सरांनी टेबलावर हात आपटला. दोन चांगल्या गोष्टी एकत्र येऊन वाईट झाल्याचं एक तरी उदाहरण दाखव, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, हो, दाखवच.

अंकिताने एकदा सरांकडे, एकदा मॅडमकडे पाहिलं. मग तिने मॅडमना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसायची विनंती केली. मॅडम तणतणत गेल्या.

सरांनी एकट्याने तोच आलेख पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. हे तर फारच छान निघालंय, असं पुटपुटले, एक स्वल्पविराम घातला आणि सही केली. पलीकडे मॅडमनीही आलेख पाहिला, अंकिताची पाठ थोपटली, तो स्वल्पविराम खोडला आणि सही केली.

प्रबंध छातीशी धरून अंकिता निघाली, तर सर दारात उभे. चेहरा पुन्हा लाल.

“मॅडमनीही केली सही?” ते कडाडले. “मग इतके दिवस अडवलं कोणी?”