तिसरा कागद

"वडिलांच्या सहीचा रकाना कुठे आहे?"

माधवरावांनी संमतिपत्र उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले. छापील कागदाच्या तळाशी एकच रेघ होती. गर्भवती स्त्रीच्या सहीची.

"तसा रकाना नसतो, काका," डॉक्टर संयोगिता म्हणाल्या. "स्त्री सज्ञान असली की कायद्याला फक्त तिची संमती लागते."

"मूल दोघांचं आणि सही एकीची? आमच्या कार्यशाळेत यंत्राचा साधा पट्टा बदलायचा तरी दोन सह्या लागत!"

दाराशी फरशी पुसणाऱ्या अंबूबाईंनी मान वर केली. "पावणं, जरा हळू की. आत बाया झोपल्यात. हितं काय कुस्ती लागलीया व्हय?"

माधवरावांचा आवाज आणखी चढला. गडहिंग्लजच्या तंत्रशाळेत त्यांनी एकतीस वर्षे यंत्ररेखन शिकवले होते. विद्यार्थ्याची रेघ अर्धा मिलिमीटर चुकली तरी ते कागद फाडत. इथे तर अख्खा नियमच चुकला होता. दोन दिवसांपूर्वी त्यांच्या सुनेने, ऋताने, घरात सांगून टाकले होते की तिला आठवा आठवडा आहे, हे मूल नको आहे आणि शुक्रवारी ती दवाखान्यात जाणार आहे. तिने कारणेही सांगितली होती. माधवरावांनी ती ऐकून घेतली नव्हती. त्यांचा मुलगा राजस, ज्याला मूल हवे होते, तो खाली मान घालून बसला होता, याचा त्यांना अधिक संताप होता.

"मूल जाणं म्हणजे काय ते मला विचारा," ते म्हणाले. "राजस दोन वर्षांचा होता. माझ्या बायकोला, कालिंदीला, पुन्हा दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या. चहाचा वाससुद्धा सोसेना. दीड महिना घरात चहाचं आधण चढलं नाही. बाई घाबरली, आत्ताच दुसरं नको म्हणू लागली. मी एका वाक्यात विषय मिटवला आणि सोमवारी पहाटेची एसटी धरली. शनिवारी परत येतो तो सगळं आटोपलेलं. आपोआप गेलं. तुमच्या मातोश्रींनीच तिला इथे तपासलं होतं. मला साधा निरोपही वेळेवर मिळाला नाही!"

डॉक्टरांनी संमतिपत्रासाठी हात पुढे केला.

"तुमच्या मातोश्री मात्र नवऱ्याची सही असल्याशिवाय हात लावत नसत म्हणे."

"कायद्यात ती तेव्हाही नव्हती. पण आई मागायची, हे खरं." डॉक्टरांनी संमतिपत्र त्यांच्या हातातून काढून घेतले. "बायका आणूनही द्यायच्या."

"मग! त्याला शिस्त म्हणतात!"

मंगळवार पेठेतल्या घरी येताच त्यांनी आखणीचा फळा मांडला, टी-स्क्वेअरची पट्टी घेतली आणि स्वतःचे संमतिपत्र आखले. उजव्या कोपऱ्यात तीन रकाने होते: आई, वडील, आणि मंजुरी देणारा कुटुंबप्रमुख. मग त्यांनी सर्वांना बाहेरच्या खोलीत बोलावले. कालिंदीबाई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्या ताट घेऊनच आल्या.

"राजस, वडिलांच्या रकान्यात लिही. संमती नाही."

"बाबा, मला काय वाटतं ते मी ऋताला सांगितलंय. तिनं ऐकलं. निर्णय तिचा आहे."

"तू बाप आहेस की पावणा?"

"शुक्रवारी टेबलावर मी झोपणार आहे, बाबा," ऋता म्हणाली. "तुमचा रकाना नाही."

माधवराव तरातरा कपाटाकडे गेले आणि एक कापडी बांधणीची वही आणून त्यांनी टेबलावर आपटली.

"हे पहा! अकरा वर्षं मी आठवडाभर गडहिंग्लजला राहत होतो. गॅस, शाळा, बँक, काही अडू नये म्हणून दर सोमवारी पाच कोऱ्या कागदांवर सही करून जायचो. मागे पेन्सिलीने क्रमांक. शनिवारी हिशेब. माझ्या सहीशिवाय या घरातलं पान हललेलं नाही! विचार तुझ्या सासूला!"

"प्रत्येक कागदाचा हिशेब लागला?" ऋताने विचारले.

"प्रत्येक. एक सोडून."

शेंग सोलता सोलता कालिंदीबाईंचा हात थांबला. "वाचा की तो एक."

माधवरावांनी पान शोधले. ते त्यांना पाठच होते. वहीत लाल शाई एवढ्या एकाच ठिकाणी होती. "ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव, चौथा आठवडा. कागद क्रमांक तीन. चहा सांडून खराब. खराब कागद परत केला नाही, समज दिली."

"फार बोलला होता तुम्ही त्या शनिवारी," कालिंदीबाई म्हणाल्या. "मला धड उभं राहवत नव्हतं. तुम्ही कागद मागत होता."

"नियम म्हणजे नियम. चहा तू सांडलास."

कालिंदीबाईंनी ताट बाजूला ठेवले. पदराला हात पुसले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज या घरात कधी चढला नव्हता, आताही चढला नाही.

"कुठला चहा? त्या महिन्यात या घरात चहा होत होता का?"

माधवरावांचे बोट लाल ओळीवर होते. ते तिथेच राहिले.

"नवऱ्याची संमती आणा म्हणाल्या डॉक्टरीणबाई. वरचा मजकूर मी लिहिला. खाली सही तुमचीच होती."