न भरणारा वाफा

टोमॅटोच्या रोपाला आधार द्यायला अप्पांनी काठी रोवली. ती वीतभर नेटाने आत गेली आणि मग एकदम हातातून सुटली. कमरेएवढी काठी होती. आता तिचं टोकसुद्धा दिसत नव्हतं.

अप्पा उकिडवेच बसून राहिले. मग त्यांनी नळी ओढून वाफ्यात सोडली. पाणी गोल फिरत त्या भोकात जात राहिलं. वाफा काही भरेना.

"काल किती वेळ पाणी दिलं होतंस याला?"

"दीड तास," पायरीवर चहा पीत मुलगा म्हणाला. "जमीन एक नंबर मिळालीय, अप्पा. कितीही पाणी घाला, चिखल म्हणून होत नाही."

अप्पांनी नळ बंद केला. सुपारीएवढा खडा भोकात टाकला आणि मातीला कान लावला. पन्नास वर्षं त्यांनी विहिरी खणल्या होत्या. खडा पडल्याचा आवाज ऐकून दोर किती लागेल ते सांगायचे.

सून बाळाला खांद्यावर टाकून दारात आली. "काय म्हणतेय जमीन?" तिने हसत विचारलं.

अप्पांनी हातानेच तिला गप्प केलं. आवाज आला, पण फार उशिरा. आणि तो सरळ खालून आला नाही. घराच्या बाजूने आला.

ते सावकाश उठले. गुडघ्याची माती झटकायचंही त्यांना सुचलं नाही.

"सूनबाई, बाळाला घेऊन तशीच फाटकाबाहेर जा. रस्त्याच्या पलीकडे. पळू नकोस. चपला राहू देत."

"अप्पा, आता हे काय नवीन?" मुलाने कप खाली ठेवला.

"घराखाली पोकळ आहे."

"तीन महिने नाही झाले घराला. पाया माझ्या डोळ्यांदेखत भरलाय."

"पाया चांगलाच असेल. तो कशावर उभा आहे, ते बोलतोय मी."

मुलगा त्यांच्या जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचा जोडीदार विहिरीत राहिला, त्याला तीस वर्षं झाली. एकदा दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक किती दिवस फुंकणार? आणि लोक बघतायत. हसतील."

"हसू देत. आधी बाहेर चल."

सुनेचं लक्ष अप्पांच्या गुडघ्यांकडे गेलं. त्यांवरची माती अजून तशीच होती. बाळाचं डोकं मानेशी घट्ट धरलं आणि अनवाणीच निघाली.

मुलगाही चार पावलं चालला आणि थबकला. "गॅसवर दूध आहे."

"उतू जाऊ दे." अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"अप्पा, पुरे हं आता!" त्याने मनगट सोडवून घेतलं आणि आत गेला.

अप्पा त्याच्यामागे पायरीपर्यंत गेले, पण पाय वर टाकला नाही. आणखी एका माणसाचं वजन नको. हाका मारल्या तर तो हट्टाने आतच थांबेल, हेही त्यांना ठाऊक होतं. ते नुसते उभे राहिले. आत शेगडीचं बटण फिरल्याचा आवाज झाला. भांड्यावर झाकण पडलं. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

मुलगा बाहेर आला. दार ओढलं, ते लागेना. त्याने दोनदा जोर लावला. सकाळी तर नीट लागलं होतं. तिसऱ्यांदा त्याने कडीला हातच लावला नाही. पायऱ्या उतरला, अप्पांचं कोपर धरलं आणि दोघं पाऊल जपून टाकत रस्त्याच्या पलीकडे गेले.

घर होतं तसंच दिसत होतं. खिडकीचा पडदाही हलत नव्हता. शेजारीण कुंपणाजवळ येऊन विचारून गेली, काय झालं म्हणून. मुलाच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग येऊ लागला. तो म्हणाला, "बघा. काही झालं का?"

"अहो," सून म्हणाली.

घराच्या भिंतीपासून कुंपणाच्या खांबापर्यंत बांधलेल्या दोरीवर बाळाची झबली वाळत होती. ओल्या कपड्यांनी दोरीला मध्ये चांगलाच झोळ पडला होता. वारा पडलेला होता. आणि दोरी भिंतीकडे ताणली जात होती, तशी ती झबली, सगळी एकदमच, हळूहळू वर उचलली जात होती.