गाडीच्या मागे उभा राहणारा

लायसन्स मिळालं असतं तर चिवटचं सगळंच मार्गी लागणार होतं. मेव्हणा त्याला आपल्या शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर म्हणून घेणार होता. माहेरी जाऊन बसलेली बायको परत येणार होती. सासऱ्याच्या तोंडाला कुलूप लागणार होतं. आणि त्याला नापास करून परीक्षकाच्या पदरात काय पडत होतं? पुन्हा तोच चिवट, तीच खटारा गाडी आणि पुन्हा एक उडी.

ती उडी परीक्षकाने आत्ताच मारली होती. परीक्षा घ्यायची त्याची पद्धत साधी होती. उमेदवार गाडी मागे घेऊ लागला की तो मुकाट्याने गाडीच्या मागे जाऊन उभा राही आणि हात वर करी. आरशात पाहणारा, मान वळवणारा माणूस थांबे. न पाहणारा येतच राही. मग परीक्षक उडी मारून बाजूला होई आणि ‘नापास’ लिही. चिवटने त्याला इतक्या उड्या मारायला लावल्या होत्या, की कचेरीत चिवटलाच ‘साहेबांचा व्यायाम’ म्हणत.

“अरे, मान कशाला दिलीय तुला? शर्टाची कॉलर अडकवायला?” परीक्षक पँटवरची धूळ झटकत ओरडला.

“पुढच्या वेळी नक्की, साहेब.”

“पुढच्या वेळी आधी शिकून ये.”

“शिकायचं काय त्यात? हार मानायची नाही, बस्स.”

चिवट सराव करत नसे. तो फक्त येत असे. या दोन गोष्टींतला फरक बहुतेकांना कळत नाही, त्यामुळे त्याचं कौतुक वाढतच गेलं. कारकून बाई आपल्या मुलांना त्याचा दाखला देऊ लागल्या. चहावाला त्याला फुकट चहा पाजू लागला. चिवट परीक्षकाला भाजीबाजारात गाठी, केस कापायला बसला की शेजारच्या खुर्चीत येऊन बसे, रविवारी घराच्या फाटकाशी उभा राही. लाच देऊ केली असती तर परीक्षकाने त्याला हाकलून दिलं असतं. पण तो नुसताच हात जोडून हसे, आणि हसणाऱ्याला हाकलायचा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता.

“अहो, द्या ना टाकून एकदाचं लायसन्स,” परीक्षकाची बायको म्हणाली. “किती दिवस बिचारा खेटे घालतोय. तुम्हाला काही काळीज आहे की नाही?”

“त्याला गाडी मागे घेता येत नाही.”

“सगळं जग पुढेच जातंय. मागे कितीदा घ्यावी लागते?”

लेकीलाही तो आवडायचा. ती त्याला काका म्हणे.

शेवटी एका दुपारी ऊन तापलं होतं, गुडघे कुरकुरत होते आणि समोर चिवट, हसत. परीक्षक मागे गेलाच नाही. झाडाखाली खुर्ची टाकून बसला. गाडी मागे आली. मागे कुणीच नव्हतं, त्यामुळे कुणालाच लागलं नाही.

“पास,” मान वर न करता तो म्हणाला आणि सही ठोकली.

कारकून बाईंनी टाळ्या वाजवल्या. चिवटने डोळे पुसले. “बघितलंत ना, साहेब? चिकाटीपुढे कुणाचं काही चालत नाही.”

शाळा सुरू झाली त्या सकाळी परीक्षकाच्या दारात व्हॅन येऊन थांबली. लेक उड्या मारत आत चढली. परीक्षक फाटक लावायला बाहेर आला आणि त्याला स्टिअरिंगवर ओळखीचं हसू दिसलं. चिवटने सलाम ठोकला. गल्ली पुढे बंद होती. व्हॅन मागेच घ्यावी लागणार होती.

परीक्षक धावत व्हॅनच्या मागे गेला, राहून गेलेली परीक्षा घ्यायला. हात वर केला. मागच्या काचेतून लेकीला वाटलं, बाबा आज कधी नव्हे ते टाटा करतायत. तिने आनंदाने हात हलवला. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि उडीची वेळ टळली.

पायाचा चुरा झाला होता. हवालदार इस्पितळात आला तेव्हा पलंगाशी चिवट सफरचंदं घेऊन बसला होता. “धीर सोडायचा नाही, साहेब. माझ्याकडे बघा.”

“हा म्हणतो, तुम्हीच मध्ये येऊन उभे राहिलात,” हवालदार म्हणाला. “याची परीक्षा तर तुम्हीच घेतलेली. याला गाडी मागे घेता येते ना?”

हो म्हटलं असतं तर नोकरी वाचत होती. दाराशी बायको उभी होती आणि तिचं बोट धरून लेक. तिच्या पाठीवर दप्तर होतं.

“नाही येत,” परीक्षक म्हणाला. “मी न बघता सही केली.”

बायकोने पदर तोंडाला लावला. हवालदाराने चिवटपुढे हात केला. चिवटने लायसन्स काढून दिलं. क्षणभर त्याचा चेहरा पडला, मग ते जुनं हसू परत आलं. त्याने सफरचंदं उशाशी नीट रचून ठेवली.

“काही हरकत नाही, साहेब,” तो उठत म्हणाला. “तुमच्या जागी नवे साहेब येतील ना, त्यांच्याकडे जातो.”

परीक्षकाचा पाय गेला आणि खुर्चीही गेली. चिवटचं फक्त लायसन्स गेलं, आणि ते कसं मिळवायचं हे त्याला पाठ होतं.