वाडग्यातली दोन अंडी

कमांडर फंग दार ढकलून आत आला, तेव्हा थान योंगशान कोटाला बटण लावत बसला होता. फंगच्या हातात नूडल्सचा वाफाळता वाडगा होता. वर दोन अंडी.

थानने सुई कोटातच टोचून ठेवली.

"मी आजारी नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. आधी खाऊन घे. गरम आहे तोवर."

हे वाक्य थानचं होतं. कुनलुनच्या डोंगरातल्या त्या चौकीवर तुकडीचे धनी दोन. बंदुका, गस्त, बर्फातली वाट फंगची, माणसं थानची. पोरांची भांडणं, मोडलेली लग्नं, घरची दुखणी, सगळं राजकीय अधिकारी म्हणून थानच्या पदरात. आजारी पोराला तो स्वतःच्या हाताने नूडल्स नेऊन द्यायचा, एक अंडं घालून. आणि खालून, गावाकडून, कोणी गेल्याचा निरोप आला की दोन घालून. आधी पोटात काही जाऊ द्यायचं, मग सांगायचं. असलं काही रिकाम्या पोटी ऐकू नये, असं तो नव्या अधिकाऱ्यांनाही शिकवायचा. पोरं लांबून अंडी बघायची, आणि वाडगा पुढच्या दाराकडे वळला की श्वास सोडायची. ज्याच्यापुढे तो ठेवला जाई, त्यातल्या एकानेही आजवर अर्धा टाकला नव्हता. थानला त्याचा अभिमान होता.

त्याने काड्या उचलल्या.

उद्या सकाळी ट्रक खाली जाणार होता, आणि या खेपेला त्यात थान बसणार होता. मागच्या दोन्ही खेपांना त्याने आपली जागा दुसऱ्याला दिली होती. एकाचं लग्न होतं, एकाची आई अंथरुणाला खिळली होती. हुइलान, त्याची बायको, थ्येनश्वेच्या इस्पितळात होती. फोनवर म्हणाली होती, "तुझ्या पोरांचं उरकू दे सगळं. मी कुठे पळून जातेय?"

नूडल्स मधून कच्च्या होत्या.

"कुकर लावला नाहीस?" थान म्हणाला. "उघड्या पातेल्यात इथे काही शिजतं का? एवढी वर्षं वर राहून एवढं कळेना?"

"स्वयंपाक्याला बाहेर काढलं होतं मी. तो कुकर मला उघडता येत नाही."

"तोफ उघडता येते."

"तोफेला शिट्टी नसते."

दोघंही हसले नाहीत. फंग शेगडीपाशी उभाच होता, डोक्यावर टोपी, नजर धुराड्यावर. थान एकेक नूडल उचलून खात होता.

"असा उभा राहू नकोस," तो म्हणाला. "स्टूल ओढ. पलंगावर बसायचं नाही, पोरगा अवघडतो. टोपी काढून गुडघ्यावर ठेव."

फंग स्टूल ओढून बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आणि धुराड्याकडे काय बघतोस? त्याच्याकडे बघायचं."

"कोणाकडे?"

"समोर जो खातोय त्याच्याकडे."

फंगने बघितलं. गोळीच्या आवाजाला कधी न लवलेल्या त्याच्या पापण्या लवल्या. थानला ते दिसलं, पण आत काही हललं नाही. थंडीने बोटं मेली की सुई आत गेलेली दिसते, दुखत मात्र नाही, तसं.

बाहेर अंगणात पोरं जेवणाआधीच्या गाण्यासाठी रांगेत उभी राहिली होती. रोज या वेळी त्यांच्या आवाजाने छपराचा पत्रा थरथरायचा. आज कोणी सूर धरत नव्हतं.

"गात का नाहीत?"

"वाडगा बघितलाय त्यांनी," फंग म्हणाला. "मी आणताना."

थानने एक अंडं संपवलं. रस्सा आटत चालला होता आणि नूडल्स फुगत होत्या. खावं तितका वाडगा भरल्यासारखा दिसत होता. थोड्या वेळाने त्याने काड्या खाली ठेवल्या आणि वाडग्यावर झाकण घातलं.

"उरलेलं नंतर खातो." त्याने कोट मांडीवर ओढला. "बटण लावून टाकतो आधी. ट्रक सहालाच ना? दुपारच्या आत घाट उतरलो, तर रविवारपर्यंत पोचेन तिच्याजवळ."

फंग टोपीची कड चोळत राहिला.

"सावकाश जा, थान. आता तशी काही घाई नाही."

तोंडून निघून गेलं. टोपी त्याच्या गुडघ्यावरून खाली पडली. ती उचलायला तो वाकला नाही.

थानची सुई थांबली होती. मग त्याने टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. बटण ओढून पाहिलं. घट्ट बसलं होतं.

मागच्या हिवाळ्यातला एक पोरगा त्याला आठवला. शेवटचा घोट पिऊन, दोन अंड्यांचा वाडगा दोन्ही हातांनी परत देत तो म्हणाला होता, "छान झाल्या होत्या, साहेब." तेव्हा थानला वाटलं होतं, पोराला भूक लागली असणार.

त्याने झाकण काढलं. गार झालेल्या नूडल्स खाल्ल्या, दुसरं अंडं खाल्लं, वाडगा तोंडाला लावून तळाचा रस्सा प्याला. मग रिकामा वाडगा दोन्ही हातांनी फंगपुढे धरला.

"छान झाल्या होत्या," तो म्हणाला. "आता सांग."