पैसे पाठवले

गालावर मेस्त्रीची पाचही बोटं उमटली तरी गिऱ्हाइकानं फोन खाली घेतला नाही. उलट तो मेस्त्रीच्या नाकाशी नेला. "डोळे फुटलेत का तुझे? ही हिरवी खूण बघ. 'पैसे पाठवले.' वाचता येतं ना?"

"येतं की. पण माझ्या फोनवर वाचायला काही आलंच नाही." मेस्त्रीनं गाडीची किल्ली आपल्या खिशात टाकली. "परवा एक जण असंच हिरवं दाखवून गाडी घेऊन गेला. आज तू. मी काय इथे धर्मशाळा उघडलीय?"

आपल्या स्कूटरची वाट बघत गॅरेजच्या बाकावर बसलेल्या बाईनं फोनवरचा तो पडदा लांबूनच ओळखला. पैसे पाठवायच्या ॲपमधला तो पडदा तिनंच आखला होता. तिची सासू शेजारपाजारी सांगायची, सून पडदे करते. एकदा तर कुणी खिडकीचं माप घेऊन आलं होतं. आधी त्या पडद्यावर 'पाठवत आहोत' असं यायचं आणि एक चाक फिरायचं. चाक बघून लोकांचा जीव टांगणीला लागायचा, ते दोन-दोनदा बटण दाबायचे. म्हणून बाईनं चाक काढलं, 'पाठवले' लिहिलं आणि हिरवी खूण दिली. तक्रारी निम्म्यावर आल्या. ऑफिसात टाळ्या पडल्या. पैसे कधीमधी वाटेत अडकायचे, पण खूण तेव्हाही हिरवीच.

उठून सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण सांगणं म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेणं. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज. ती बसूनच राहिली.

गिऱ्हाइकानं किल्लीसाठी मेस्त्रीच्या खिशात हात घातला. मेस्त्रीनं तो पिरगाळला. त्याबरोबर गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या हातातलं हेल्मेट फिरलं, मेस्त्रीचा ओठ फाटला आणि रक्त शर्टावर सांडलं. मेस्त्रीनं फळीवरचा मोठा पाना उचलला. पहिला घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज बाकापर्यंत आला. गिऱ्हाईक किंचाळत गुडघ्यांवर आलं. पाना पुन्हा वर गेला, या खेपेला डोक्याच्या रोखानं.

"थांबा!" बाई दोघांच्या मधे घुसली. "मेस्त्री, हात जोडते, थांबा. हे खोटं बोलत नाहीत. यांनी पाठवलेत पैसे. तुमच्याकडे आले नाहीत, तेही खरं. मधेच अडकलेत."

पाना वरच राहिला. खाली तो माणूस मनगट पोटाशी धरून कण्हत होता. मेस्त्री धापा टाकत होता, आणि त्याचा राग तसूभरही उतरला नव्हता.

"हा खरा, मी पण खरा," तो रक्त थुंकून म्हणाला. "मग खोटं कोण बोललं, ताई?"

बाईनं वर पान्याकडे पाहिलं.

"मी," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.