वाघोबाचा रस्ता

कोपऱ्यावर येताच कुत्रा अडून बसला. तिला उजवीकडे बागेत जायचं होतं. वाघोबाला डावीकडे.

"चल ना रे!" तिने पट्टा ओढला. वाघोबा नावाचाच वाघ. मांजर दिसलं तरी बाबांच्या पायांत शिरायचा. पण आज त्याने पाय रोवले होते. बाबा गेल्यापासून दोघंही पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. शेवटी तिनेच माघार घेतली.

बाबा रोज संध्याकाळी त्याला घेऊन निघायचे. "बागेपर्यंत जाऊन येतो," म्हणायचे.

गल्ली ओळखीची वाटू लागली तशी तिची पावलं जड झाली. इथे टाचणी राहायची.

टाचणी हे बाबांनीच ठेवलेलं नाव. अंगानेही तशी, बोलण्यातही तशी. शाळेपासूनची मैत्रीण. पुढे दोघी एकाच शिवणाच्या दुकानात कामाला लागल्या. एका गिऱ्हाइकाचा भारी कोट तिच्या हातून चुकीचा कापला गेला आणि टाचणीने मालकिणीला तिचं नाव सांगून टाकलं. नोकरी गेली. "पुन्हा तोंड बघू नकोस तिचं," बाबा म्हणाले होते. तिने बघितलं नाही. घरातल्या शिलाई मशीनवर चादर टाकली, ती कायमची. त्यानंतर बाबांनी तिला साधं बटण लावायलाही कधी सांगितलं नाही.

बाबा गेले तेव्हा तिने सगळ्यांना बजावलं, "टाचणीला कुणी कळवायचं नाही. यायचं असेल तर येईल." आणि घर माणसांनी भरलेलं असताना ती दाराकडेच बघत राहिली. टाचणी आली नाही. नोकरी गेल्याचंही तिला एवढं लागलं नव्हतं.

वाघोबा एका पायरीवर चढून भुंकला. दार उघडलं.

"आलास का लबाडा! होतास कुठे इतके दिवस?" टाचणी खाली वाकली आणि मग तिची नजर पट्टा धरलेल्या हाताकडे गेली. "तू?"

"हा इथे कसा आला?"

"रोज येतो की. काकांबरोबर." टाचणी चाचरली. "त्यांनी सांगितलं नाही तुला?"

बागेपर्यंत! म्हणजे बाबासुद्धा. तिला तोंड बघायची बंदी आणि स्वतः रोज इथे. ज्यांच्यासाठी रडून डोळे सुजले, त्यांच्यावरच तिला ओरडावंसं वाटलं. ओरडायला ते नव्हते.

"काय करायचे येऊन?"

"भांडायचे. 'माझ्या पोरीची माफी कधी मागतेस?' रोज तेच. मी म्हणायचे, ती दार लावेल तोंडावर. मग चहा प्यायचे आणि उद्या पुन्हा विचारतो म्हणून निघायचे."

टाचणीने आतून एक सदरा आणला. बाबांचा. इस्त्री केलेला.

"बटण लावून ठेवलंय. तुला शिवणाचं नाव काढलेलं चालत नाही, म्हणून माझ्याकडे आणायचे." तिने सदरा पुढे केला. "हल्ली फोनही लागत नाही त्यांचा. वाटलं, कंटाळले शेवटी माझ्या हट्टाला. म्हटलं, आता मीच जाते माफी मागायला."

मग तिने मान उंचावून वळणाकडे पाहिलं. "मागून येतायत ना काका? गुडघा दुखतोय का अजून?"

दाराशी एक खुर्ची मांडून ठेवलेली होती.

"तू आधी बस," ती टाचणीला म्हणाली.