निळी डबी
पोटातल्या अल्सरच्या जंतूवर औषधांची कोणती जोडी जास्त लागू पडते या चाचणीचा निकाल त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंच्या हाती आला होता: निळ्या डबीने पांढरीपेक्षा दुप्पट रुग्ण बरे केले. तेवढ्यात चाचणीत आजीसोबत भाग घेतलेले आजोबा दोघांच्या रिकाम्या डब्या परत करायला आले. निळीवर आजीचं नाव होतं, पांढरीवर त्यांचं. आजी गेल्या महिन्यात अल्सर फुटून गेली. आजोबा ठणठणीत होते. "एक चूक कबूल करतो," ते म्हणाले. "निळ्या गोळ्या कडूजहर. हिच्या घशाखाली उतरेनात. पहिल्याच दिवशी डब्या बदलल्या. कडू मी घेतल्या, पांढऱ्या तिला दिल्या." मग त्यांनी विचारलं, "चांगली कोणती निघाली हो?" बाईंनी कागद हळूच पालथा घातला. "दोन्ही सारख्याच." "म्हणजे चौदा दिवस मी उगाच तोंड कडू केलं!" आजोबा हसले, आणि निळी डबी तेवढी खिशात घालून उठले.